सेवासदनाच्या रमाबाई

पोलिओचे डोस पाजायला परिचारिका मोहल्ल्यात येतात, तेव्हा त्या दारात उभ्या राहत नाहीत. पडदा बाजूला सारून त्या सरळ घरात येतात. शहागंज असो, किराडपुरा असो किंवा वैजापूर तालुक्यातले एखादे लहान गाव असो, घरातल्या बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. बाळाला किती महिने झाले, कोणती लस राहिली, सुनेचे रक्त कमी आहे का, अशा गोष्टी घरच्या पुरुषांनाही नीट ठाऊक नसतात. पण त्या परिचारिकेच्या वहीत लिहिलेल्या असतात. तिच्यावर इतका विश्वास कसा काय बसला, याचा आपण कधी विचार करत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असे नव्हते. त्या काळी महाराष्ट्रातील प्रतिष्ठित घरांतील मुलीने परिचारिका व्हावे, ही कल्पनाच लोकांना सहन होत नसे. परक्या माणसाच्या जखमा धुणे, रात्रपाळीला जाणे, कोणत्याही जातीच्या व धर्माच्या रोग्याला हात लावणे ही कामे हलकी समजली जात. ही समजूत मोडून काढण्यासाठी ज्या थोड्या लोकांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव फार वर आहे.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते. आता ते सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे आडनाव कुर्लेकर. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना माहेरी लिहायला-वाचायला कोणी शिकवले नाही. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न झाले. नवरा होता एकतीस वर्षांचा. त्यांचे नाव महादेव गोविंद रानडे. ते पुण्यात न्यायाधीश होते आणि विद्वान म्हणून सर्वत्र प्रसिद्ध होते.

या लग्नाची हकीकत सांगितली पाहिजे. रानडे विधवांच्या पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते होते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी एखाद्या विधवेशी लग्न करावे, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. वडिलांना मात्र हे मान्य नव्हते. त्यांनी हट्ट धरला आणि रानड्यांनी वडिलांच्या शब्दापुढे मान तुकवली. लोकांनी त्यांना नावे ठेवली, आणि ती काही अगदीच उगीच ठेवली नाहीत. मात्र आपल्या या लहान पत्नीला शिकवायचे, हे रानड्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवले होते. त्यांनी स्वतः तिला मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली. पुढे शिकवायला शिक्षिका ठेवल्या. मराठी वाचता येऊ लागल्यावर इंग्रजीचे धडे सुरू झाले.

रानड्यांचे घर मोठे होते. घरात सासूबाई, नणंद आणि इतर अनेक वडीलधाऱ्या बायका होत्या. सुनेने पुस्तक हातात घेतलेले त्यांना मुळीच आवडत नसे. त्या टोमणे मारीत, कधी कधी बोलणेच बंद करीत. रमाबाईंना इंग्रजी शिकवायला एक युरोपियन बाई येत. धडा संपला की रमाबाईंना आंघोळ करावी लागे; त्याशिवाय त्यांना घरात इतरांत मिसळता येत नसे. परधर्मीय बाईजवळ बसल्यामुळे विटाळ होतो, असे घरातील बायका मानत. याला सोवळे-ओवळे म्हणत. आज आपल्याला हे विचित्र वाटते. पण सोवळ्या-ओवळ्याची ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे रमाबाईंच्या कामात हीच अडचण सर्वांत मोठी ठरली. ज्या समाजात शिक्षिकेच्या जवळ बसण्यानेही विटाळ होत होता, त्या समाजातील मुलींना त्यांना रोग्याचे अंग पुसायला शिकवायचे होते.

रमाबाईंनी घरच्या बायकांशी भांडण केले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. दोन्ही गोष्टी एकदम सांभाळणे कठीण असते. नाशिक, धुळे, पुणे अशा बदल्या होत राहिल्या. रानड्यांबरोबर त्या दौऱ्यावरही जात. 1884 साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल काढावे म्हणून सभा झाली. तीत मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसमोर रमाबाईंनी इंग्रजीतून मागणीपत्र वाचून दाखवले. ज्या मुलीला लग्नाच्या वेळी स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, ती बावीस वर्षांची होऊन भर सभेत इंग्रजी वाचत होती. घरी परतल्यावर त्यांचे स्वागत शाबासकीने झाले नाही, हे सांगायला नकोच. मुलींचे ते हायस्कूल त्याच वर्षी सुरू झाले. पुण्यात हुजूरपागेची शाळा म्हणून ते आजही प्रसिद्ध आहे.

1893 साली रानडे मुंबईच्या हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि हे कुटुंब मुंबईस गेले. तेथे रमाबाई स्त्रियांच्या मंडळांत काम करू लागल्या. याच काळात मुंबई व पुणे या शहरांवर फार मोठे संकट आले. ते संकट म्हणजे प्लेग.

1896 साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि लवकरच ती पुण्यात पोहोचली. सरकारने कडक उपाय योजले. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. लोक इतके घाबरले की त्यांनी आजारी माणसांना माळ्यावर, कोठारात लपवून ठेवले. रोगापेक्षा रोग शोधणाऱ्यांचीच दहशत जास्त झाली. हिंदू असो वा मुसलमान, आपल्या घरातील स्त्रीला परक्या शिपायाने तपासावे हे कोणालाच सहन होणारे नव्हते. त्या वेळी सावित्रीबाई फुले यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्याबरोबर पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा केली. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यांनाही प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाईंना लोक दार उघडत होते, कारण त्या त्यांच्यातल्याच होत्या. बंदूकवाल्या शिपायाला जे जमले नाही, ते एका ओळखीच्या बाईला जमत होते. सार्वजनिक आरोग्याचे मर्म मला या एका गोष्टीत दिसते. औषध कितीही चांगले असले, तरी ते घेऊन येणाऱ्यावर लोकांचा भरवसा असावा लागतो.

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. रमाबाई त्या वेळी अडतीस वर्षांच्या होत्या. मुंबई सोडून त्या पुण्याच्या घरी आल्या. सुमारे वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळी विधवेने असेच कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य काढावे, असा समाजाचा दंडक होता. रमाबाई मात्र हळूहळू बाहेर पडल्या. त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जात, त्यांच्याशी बोलत, त्यांना चार चांगल्या गोष्टी सांगत. इस्पितळांत जाऊन त्या रोग्यांना फळे, फुले, पुस्तके देत. इस्पितळातील या भेटींत त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली असणार. खाटा होत्या, औषधे होती, डॉक्टरही होते. पण रोगी स्त्रीच्या उशाशी तिच्या भाषेत बोलणारी, तिला धीर देणारी शिकलेली बाई क्वचितच दिसे. ज्या थोड्या परिचारिका होत्या, त्या बहुतेक ख्रिस्ती वा अँग्लो-इंडियन समाजातील होत्या. त्यांनी फार मोठे काम केले. पण त्यांची संख्या अगदीच अपुरी होती.

येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. रोग्यांची शुश्रूषा हे हलके काम आहे, ही समजूत सर्व काळी, सर्व देशांत नव्हती. हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना त्यांच्याच तंबूत ठेवले होते, आणि हा तंबू मदिनेत मस्जिदे-नबवीच्या आवारात होता. युरोपात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धात, 1854 पासून, तुर्कस्तानातील स्कुतारीच्या इस्पितळात जखमी सैनिकांची सेवा केली आणि नंतर लंडनमध्ये परिचारिकांची शाळा काढली. आपल्याकडे मात्र हे काम शिकून करण्याची सोय फार उशिरा झाली. 1885 साली लेडी डफरिन यांनी स्त्रियांच्या उपचारांसाठी फंड सुरू केला. मुंबईत 1886 साली स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा हॉस्पिटल उघडले. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवत नसत, म्हणून स्त्री-डॉक्टर आणि परिचारिका यांची गरज सर्वांना पटत होती. पण आपली मुलगी या कामाला पाठवण्याची वेळ आली, की प्रत्येक जण शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवी.

1908 साली मुंबईतील दोन समाजसुधारक रमाबाईंकडे आले. एक होते बेहरामजी मलबारी आणि दुसरे दयाराम गिडुमल. एक पारशी, एक सिंधी. हिंदुस्थानी स्त्रियांना आसरा मिळावा आणि त्यांनी परिचारिका म्हणून तयार व्हावे, यासाठी संस्था काढण्याचा त्यांचा विचार होता. रमाबाईंनी ती जबाबदारी घेतली आणि मुंबईत सेवासदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी, 1909 साली, पुण्यात रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात पुणे सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते या कामात त्यांचे मोठे साहाय्यक होते. जातीचा वा धर्माचा भेद करायचा नाही, हे सेवासदनाचे धोरण होते.

आरंभी लेखन-वाचन, शिवणकाम यांचे वर्ग चालत. दुपारी घरची कामे आटोपून बायका येत. हे लोकांना फारसे खटकले नाही. खरी कसोटी लागली ती परिचारिकांच्या शिक्षणाची वेळ आली तेव्हा. हे शिक्षण घरी बसून मिळण्यासारखे नव्हते. त्यासाठी पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये जावे लागणार होते. बगदादहून मुंबईला आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ते 1867 साली उभे राहिले होते. तेथे सर्व जातींचे, सर्व धर्मांचे रोगी येत. मुलींना त्यांच्या अंगाला हात लावावा लागणार, त्यांचे मलमूत्र उचलावे लागणार, रात्री जागावे लागणार. शिवाय डॉक्टर बहुधा पुरुष. पुण्यातील सनातनी मंडळी संतापली यात नवल नाही.

अशा वेळी सेवासदनात पुढे आल्या त्या बऱ्याचशा तरुण विधवा. त्यांतील कित्येकींची लग्ने कळत्या वयाच्या आधीच झाली होती आणि तशाच नकळत्या वयात त्या विधवाही झाल्या होत्या. घरात त्यांना मान नव्हता, हातात पैसा नव्हता. शुभकार्यात त्यांचे तोंड पाहणेही लोक टाळत. या मुली इस्पितळात काम शिकल्या, तर त्यांना पगार मिळणार होता आणि पोटासाठी दिराकडे किंवा भावाकडे हात पसरावा लागणार नव्हता. रमाबाईंनी परिचारिका होणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह काढले. वैद्यकीय शाळेत शिकणाऱ्या मुलींसाठीही वसतिगृह होते. लहान गोष्ट वाटते, पण वसतिगृहाशिवाय एकाही बापाने मुलीला पुण्याला पाठवले नसते. रमाबाई स्वतः जुन्या वळणाच्या, डोक्यावरून पदर घेणाऱ्या, देवाधर्माचे सर्व करणाऱ्या होत्या. अशा बाईंच्या देखरेखीखाली मुलगी राहणार म्हटल्यावर आईबापांची निम्मी भीती कमी होई. काही सुधारकांना रमाबाईंचे हे जुने वळण पसंत नव्हते. माझ्या मते त्यांच्या यशाचे अर्धे कारण तेच होते.

एका वर्षी सेवासदनाचा बक्षीस समारंभ होता. एक विधवा विद्यार्थिनी आपले बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. तिचा वेष पाहून प्रेक्षकांत बसलेले काही शिकलेले तरुण हसले, त्यांनी तिची थट्टा आरंभली. रमाबाई सहसा रागावत नसत. त्या दिवशी मात्र आभार मानायला उठल्यावर त्यांनी त्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली. तुमच्याही घरात अशी एखादी बहीण असेल, तिची आठवण तुम्हांला कशी झाली नाही, असे त्यांनी विचारले. सभागृह शांत झाले.

या परिचारिका शिकून तयार झाल्यावर काय करीत, हे समजायला त्या काळच्या बाळंतपणाची कल्पना हवी. बाळंतिणीला बहुधा घरातील सर्वांत अंधाऱ्या, कोंदट खोलीत ठेवत. हवा लागू नये म्हणून खिडक्या बंद. गावची दाई अनुभवी असे, तिचा हातही हलका असे, पण जंतू म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेले नसे. विळीने किंवा कोयत्याने नाळ कापली जाई. त्यातून बाळाला धनुर्वात होई आणि आईला ताप भरे. त्या काळी आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. लोक याला नशीब म्हणत. शिकलेली परिचारिका प्रथम पाणी उकळायला ठेवी. हात साबणाने धुई. कात्री आणि दोरा उकळून घेई. खिडकी उघडी. बाळ जगले की शेजारच्या घरातून तिला बोलावणे येई. भाषणांनी जे पटत नव्हते, ते एका सुखरूप बाळंतपणाने पटत असे.

1918 साली इन्फ्लुएंझाची साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे काही महिन्यांत मरण पावली. घरेच्या घरे ओस पडली. त्या रोगावर औषध नव्हते. पाणी पाजणे, ताप उतरवणे, स्वच्छता ठेवणे, रोग्याला वेगळे निजवणे, एवढेच हाती होते, आणि हे सर्व शुश्रूषेचे काम आहे. देशात शिकलेल्या परिचारिका किती थोड्या आहेत, हे त्या वर्षी पुन्हा दिसून आले. आपले औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते. येथे किंवा पुण्यात, रोगाने सरहद्द पाहिली नाही.

रमाबाईंनी इतरही पुष्कळ कामे केली. 1904 साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. मुलींना सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून पुण्यात चळवळ झाली, तिच्यात त्या आघाडीवर होत्या. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा यासाठीही त्या झटल्या. पतीच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक 1910 साली प्रसिद्ध झाले. मराठी स्त्रीने लिहिलेल्या पहिल्या काही आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

वय झाल्यावरही त्यांनी एक काम सोडले नाही. पुण्याजवळ आळंदी येथे संत ज्ञानेश्वरांची समाधी आहे. आषाढी व कार्तिकी एकादशीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते. खुलताबादच्या उरुसाला जशी दूरदूरहून माणसे येतात, तशीच आळंदीलाही येतात. हजारो माणसे नदीच्या काठी उतरतात, तेच पाणी पितात, उघड्यावर झोपतात. अशा ठिकाणी साथीचे रोग लवकर पसरतात. शिवाय गर्दीत बायकांचे हाल अधिक होतात. त्यांतील कोणी आजारी पडली, तर पुरुषांच्या घोळक्यात ती कोणाला सांगणार? रमाबाई सेवासदनातील स्वयंसेविकांना घेऊन या यात्रांना जात आणि स्त्री-यात्रेकरूंना मदत करीत. रोगी इस्पितळात येण्याची वाट न पाहता, जेथे माणसे आहेत तेथे आपणच जायचे, ही रीत त्यांनी घालून दिली. यात्रेत स्त्रियांनी स्त्रियांसाठी अशी सेवा करणे त्या काळी अगदी नवे होते.

1924 साली रमाबाईंचे निधन झाले. त्या वेळी पुणे सेवासदनात शेकडो स्त्रिया शिकत होत्या. पुण्याबाहेर इतर गावांतही सेवासदनाच्या शाखा निघाल्या होत्या. ज्या कुटुंबांनी पूर्वी नाके मुरडली होती, त्यांतील काहींच्या मुलीही आता वसतिगृहात दाखल होत होत्या. 15 ऑगस्ट 1962 रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. त्या तिकिटावरही त्यांच्या डोक्यावर पदर आहे.